मांडलिकांचे राज्य : शिलाहारकालीन उत्तर कोकण आणि मध्ययुगीन शासनव्यवस्थेविषयीचा वाद

प्रश्नाचे स्वरूप

कल्याण–कर्जत लोहमार्गाने अंबरनाथ शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेस आयुधनिर्माणी आणि तिच्या आधाराने वाढलेली वस्ती आहे, तर पूर्वेस वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणात बांधलेले भूमिज शैलीचे शिवमंदिर उभे आहे. या मंदिराच्या उत्तरेकडील दारावर आतल्या बाजूने कोरलेल्या संस्कृत लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष असून त्यात मांवाणिराज ऊर्फ मुम्मुणी या शिलाहार राजाचे नाव, त्याच्या अधिकाऱ्यांची यादी आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या भवनाच्या उभारणीचा उल्लेख येतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या लेखातील वर्ष प्रथम शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवले आणि तेच वाचन आज मान्य आहे. या दोनशे वर्षांच्या फरकाने राजवंशाचा कालक्रम तर बदलतोच, शिवाय लेखातील राजाच्या पदवीचा अर्थही बदलतो, कारण मुम्मुणी या लेखात स्वतःला ‘महामंडलेश्वर’ म्हणवतो आणि ही पदवी सार्वभौम राजाची नसून मोठ्या मांडलिकाची, म्हणजे वरिष्ठ सत्तेला मान देऊन आपल्या प्रदेशावर राज्य करणाऱ्याची, आहे. इ. स. ८६० मध्ये राष्ट्रकूट अमोघवर्षाचे राज्य ऐन भरात होते आणि शिलाहार त्याचे मांडलिक होते, यात शंका नाही. १०६० मध्ये मात्र राष्ट्रकूटांना नामशेष होऊन सुमारे नव्वद वर्षे लोटली होती. मग हा महामंडलेश्वर नेमका कोणाचा मांडलिक होता, आणि कोणाचाही नसल्यास त्याने ही पदवी का टिकवली?

वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न गेल्या शतकातील एका मोठ्या वादाच्या केंद्राशी जाऊन भिडतो. गुप्तांनंतरच्या आणि सुलतानांच्या आधीच्या, म्हणजे स्थूलमानाने सहाव्या ते तेराव्या शतकांच्या, भारतात राज्यसंस्था कशी होती, ती युरोपातील मध्ययुगीन सरंजामशाहीसारखी होती काय, आणि नसल्यास तिला कोणत्या कल्पनेने समजून घ्यावे, असा तो वाद आहे. त्यात उत्तर कोकणाच्या शिलाहारांना फारशी जागा मिळालेली नाही. उत्तर भारतातील दानपत्रे, राजस्थानातील राजपूत घराणी आणि दक्षिणेतील चोळांचे मंदिरलेख यांच्यावरच बहुतेक मांडणी उभी आहे. ठाणे, कल्याण, सोपारा, चौल आणि संजाण या बंदरांच्या पट्ट्यातील ताम्रपट व शिलालेख वाचले, तर यातील काही मांडण्या भक्कम ठरतात आणि काहींच्या मर्यादा उघड होतात.

ग्रीस आणि रोमच्या मापाने

भारतीय राज्यव्यवस्थेचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तो पाश्चात्त्य तुलनेच्या सावलीत. ग्रीक विचारात राज्य म्हणजे नगरराज्य, आणि त्याचा घटक म्हणजे सभेत बसणारा, न्यायदानात भाग घेणारा नागरिक. स्त्रिया, गुलाम आणि परके या नागरिकत्वाबाहेर असत. राज्य करणारा एक की थोडे की पुष्कळ, आणि ते सर्वांच्या हितासाठी की स्वतःच्या, या दोन कसोट्यांवर ॲरिस्टॉटलने राज्यांचे सहा प्रकार केले. रोममध्ये भर पदावर आणि कायद्यावर आला, आणि पॉलिबियसने रोमच्या सामर्थ्याचे कारण राजसत्ता, सरदारसभा व जनसभा यांच्या मिश्रणात शोधले. या मापाने पाहणाऱ्या युरोपीय लेखकांना भारतात एक तर निरंकुश राजा दिसला, नाही तर स्वयंपूर्ण खेडे. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दख्खनविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावाकडे जवळजवळ छोटेखानी राज्य म्हणूनच पाहिले आहे, आणि पुढे हेन्री मेन यांनी याच धाग्यावर पूर्व–पश्चिमेच्या ग्रामसमाजांची तुलना केली.

त्याला उत्तर म्हणून काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४ मध्ये ‘हिंदू पॉलिटी’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि गण व संघ ही भारताची प्रजासत्ताके होती, असे मांडले. अलेक्झांडरच्या स्वारीच्या ग्रीक वृत्तांतांत स्वतःचे शासन स्वतः करणाऱ्या भारतीय समाजांचे उल्लेख आहेत, आणि जायसवालांना त्यांचा मोठा आधार मिळाला. पारतंत्र्याच्या काळात या ग्रंथाने केलेले काम लहान नव्हते. तथापि गणांचा कारभार मुख्यतः क्षत्रिय कुलांच्या हाती होता, ही मर्यादा नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिली. महाराष्ट्रात अ. स. अळतेकर यांनी अधिक संयत वाट धरली. पश्चिम भारतातील ग्रामसंस्थांवरील १९२७ चा आणि राष्ट्रकूटांवरील १९३४ चा असे त्यांचे दोन्ही ग्रंथ लेखांच्या पुराव्याला धरून चालतात, आणि मांडलिकांचे दर्जे, त्यांची कर्तव्ये व स्वातंत्र्य यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही उपयोगी पडते. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध करताना उत्तर कोकणाचाच प्रश्न हाती घेतला. गावच्या जीवनात रमलेल्या रयतेला वरच्या राजसत्तेविषयी आस्था का नव्हती, असा त्यांच्या प्रस्तावनेचा रोख होता. त्यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, राज्याकडे खालून पाहण्याची दृष्टी त्यांनी मराठीत फार लवकर आणली.

सरंजामशाहीची मांडणी

युरोपच्या संदर्भात सरंजामशाही म्हणजे केंद्रीय सत्ता दुबळी झाल्यावर निर्माण झालेली अशी रचना, जिच्यात सरदार आपल्या धन्याशी निष्ठेची शपथ घेतो, त्या बदल्यात त्याला जमीन मिळते, आणि त्या जमिनीवरचा कुळवाडी जमिनीशी बांधलेला राहून धन्याची वेठ करतो. राजस्थानातील राजपूत राज्यांना ही कल्पना जेम्स टॉड यांनी १८२९ मध्येच लावली होती. पण तिला आर्थिक पाया दिला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून दख्खनचे डोंगर पायी तुडवणाऱ्या या गणितज्ञाने १९५६ च्या आपल्या ग्रंथात दोन प्रक्रिया वेगळ्या केल्या : राजाने आपले अधिकार मांडलिकांना व दानग्राहकांना देणे ही वरून आलेली सरंजामशाही, आणि गावातूनच जमीनदारवर्ग वर येऊन राज्य व शेतकरी यांच्यामध्ये उभा राहणे ही खालून आलेली.

रामशरण शर्मा यांच्या १९६५ च्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ने या चौकटीला सविस्तर पुरावा पुरवला. ब्राह्मणांना आणि देवळांना दिलेल्या गावांबरोबर कर घेण्याचे, दंड वसूल करण्याचे आणि राजाच्या शिपायांना गावात शिरू न देण्याचे अधिकार दिले जात, म्हणजे राज्य आपली सत्ताच तुकड्यातुकड्याने देऊन टाकत होते, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. या बदलाचे कारण त्यांनी व्यापारात शोधले. रोमशी असलेला व्यापार खचला, नाणी कमी झाली, शहरे ओस पडली आणि अधिकाऱ्यांना पगाराऐवजी जमीन देणे भाग पडले. पुढे १९८७ मध्ये शहरांच्या ऱ्हासावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांनी उत्खननांचा आधार जोडला. ज्या लेखांकडे तोवर वंशावळी आणि तिथी यांच्यासाठी पाहिले जात होते, त्यांच्यातून शेतकरी, कर आणि वेठ यांचा इतिहास काढता येतो हे शर्मांनी दाखवले, आणि त्यांचे विरोधकही त्यांनीच घालून दिलेल्या रीतीने ताम्रपट वाचतात.

आक्षेप आणि पर्याय

पहिला आक्षेप दिनेशचंद्र सरकार यांच्यासारख्या लेखविद्येच्या जाणकारांकडून आला. दानांचा मोठा भाग ब्राह्मणांना व देवळांना दिलेला आहे आणि त्या बदल्यात त्यांनी लष्करी चाकरी केलेली नाही, तेव्हा ही जमीनदारी असेल पण सरंजामशाही नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप हरबन्स मुखिया यांनी १९७९ मध्ये भारतीय इतिहास परिषदेत मांडला. युरोपातील भूदास आणि भारतातील शेतकरी यांच्यात मूलभूत फरक आहे. सुपीक जमीन आणि वर्षाला दोन पिके यांमुळे भारतीय शेतकरी आपल्या उत्पादनप्रक्रियेवर ताबा ठेवून होता, त्याच्याकडून वसुली होत असे, पण तो जमिनीला बांधलेला नव्हता, असे त्यांनी प्रतिपादले. या भाषणातून उठलेली चर्चा १९८५ मध्ये एका नियतकालिकाच्या विशेषांकात एकत्र झाली आणि तीत शर्मांनीही उत्तर दिले. सरंजामशाहीची जगात एकच प्रत असू शकत नाही, तिचे भारतीय रूप वेगळे होते, असा त्या उत्तराचा आशय आहे. योगायोग असा की त्याच सुमारास युरोपातही ही कल्पना डळमळत होती. एलिझाबेथ ब्राउन यांनी १९७४ मध्ये, आणि अधिक विस्ताराने सुसान रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये, युरोपीय मध्ययुगालाही हा साचा नीट बसत नाही, तो पुढच्या काळातील कायदेपंडितांनी घडवलेला आहे, असे मांडले. ज्या मापाने भारत मोजायचा ते मापच संशयास्पद ठरले.

रचनेचा वेगळा आराखडा बर्टन स्टाइन यांनी १९८० मध्ये चोळांसाठी सुचवला. आफ्रिकेतील अलूर समाजावरील एडन साउथॉल यांच्या अभ्यासातून घेतलेल्या या ‘खंडात्मक राज्या’च्या कल्पनेनुसार राजाची प्रत्यक्ष सत्ता त्याच्या गाभ्याच्या प्रदेशापुरतीच असते आणि त्यापलीकडे केवळ विधीपुरता मान असतो. चोळांच्या करवसुलीचे पुरावे पुढे आल्यावर ही कल्पना बरीच मागे पडली.

आज सर्वाधिक वजन आहे ते ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि हर्मन कुल्के यांनी ओडिशाच्या अभ्यासातून समांतरपणे विकसित केलेल्या भूमिकेला. या काळाकडे मोठे राज्य मोडून तुकडे झाल्याचा काळ म्हणून न पाहता, पूर्वी राज्य नसलेल्या प्रदेशांत नवी राज्ये घडण्याचा काळ म्हणून पाहावे, असे हे अभ्यासक म्हणतात. स्थानिक प्रमुख बळावतो, वंशावळ मिळवतो, देऊळ बांधतो, ब्राह्मण वसवतो, आणि मोठ्या राजाशी मांडलिकीच्या दर्जाने जोडला जातो. सामंतांची उतरंड या मांडणीत राज्य मोडत नाही, ते बांधते.

ताम्रपटांची साक्ष

शिलाहारांचा उदय या शेवटच्या वर्णनाला चांगलाच जुळतो. नवव्या शतकाच्या आरंभी पहिला कपर्दी राष्ट्रकूटांच्या आश्रयाने कोकणात स्थिरावला, आणि त्याच्या वंशजांच्या मांडलिकीची साक्ष कान्हेरीच्या लेण्यांतील लेख देतात. या घराण्याने स्वतःसाठी दोन गोष्टी कायम सांगितल्या : आपण तगरपूर, म्हणजे आजचे तेर, या नगराचे मूळ अधिपती आहोत, आणि नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणाऱ्या जीमूतवाहन विद्याधराच्या कुळातले आहोत. सुवर्णगरुडाचे निशाण त्याच कथेशी निगडित आहे. जूलियस सीझरच्या घराण्याने एनिअसमार्फत आपले मूळ व्हीनस देवीपर्यंत नेले होते, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे पराक्रमाहून आत्मदानाला अग्रमान दिला आहे, आणि राजाकडून समाजाची अपेक्षा काय होती याचा तो बारीकसा पुरावा आहे.

मांडलिकीचा अर्थ किती भावनिक असू शकतो हे भिवंडीजवळच्या भादाण येथील ताम्रपटात दिसते. चालुक्य तैलपाने ९७३ च्या सुमारास राष्ट्रकूटांचा पाडाव केला. त्यानंतर दोन तपे उलटल्यावर, शके ९१९ मध्ये, अपराजित शिलाहाराने हा ताम्रपट दिला आणि त्यात आपल्या वंशाबरोबर राष्ट्रकूटांची वंशावळ देऊन त्यांच्या नाशाबद्दल हळहळ नोंदवली. ज्याच्याकडून काही मिळण्याची आशा उरलेली नाही अशा धन्याचे हे स्मरण केवळ सोयीचे म्हणता येत नाही. त्याच वेळी अपराजित स्वतंत्रपणे वागत होता. पुढे १०२० मध्ये परमार भोजाने कोकणविजयाचा उत्सव म्हणून बांसवाडा व बेटमा येथील दानपत्रे दिली, गोव्याच्या कदंबांनी स्वाऱ्या केल्या, कल्याणीच्या चालुक्यांचे वर्चस्वही कधी मानावे लागले. मुम्मुणीची महामंडलेश्वर ही पदवी या धामधुमीतली आहे. ती एखाद्या विशिष्ट धन्याकडे बोट दाखवत नसून राजांच्या उतरंडीतील स्वतःचे मान्य स्थान सांगते, असे मानले तर १०६० चे कोडे बरेचसे सुटते. अकराशे ऐंशीच्या दशकात दुसऱ्या अपरादित्याने ‘कोकणचक्रवर्ती’ म्हणवून घेतले, तेव्हा मात्र ते स्थानही मागे टाकल्याचे दिसते.

दानांच्या बाबतीत शर्मांची मांडणी येथे अडखळते. छित्तराजाच्या शके ९४८ च्या भांडुप ताम्रपटाने षट्षष्टी, म्हणजे आजच्या साष्टी, विषयातील (जिल्ह्यातील) नौर गावचे एक शेत एका ब्राह्मणाला दिले आहे. अखंड गाव नव्हे, एक शेत. अशा दानातून राज्यसत्तेचा तुकडा तुटला असे म्हणणे कठीण आहे. याउलट, मांडलिकाखाली मांडलिक ही उतरंड कोकणातही होती : शके ९५६ मध्ये संजाणचा चामुंडराज हा छित्तराजाचा मांडलिक म्हणून तेथील मठाला तेलाचा घाणा दान देतो. त्या तेलावर मठात दिवा जळावा आणि तेथे येणाऱ्या अध्ययन करणाऱ्यांच्या पायांना ते चोळले जावे, इतका तपशील त्या ताम्रपटात दिला आहे. घाण्याच्या उत्पन्नावर दान बांधले जाते, याचा अर्थ बाजार चालू होता.

व्यापाराच्या ऱ्हासाचा मुद्दा तर या किनाऱ्यावर टिकतच नाही. अल्-मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या आसपास, सैमूर ऊर्फ चौल येथे आला तेव्हा तेथे झंझ शिलाहाराचे राज्य होते; तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असून त्यांचे तंटे त्यांच्यातलाच राजमान्य प्रमुख सोडवतो, असे त्याने लिहिले आहे. चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा ताम्रपट याहून थक्क करणारा आहे : राष्ट्रकूटांनी संपूर्ण संजाण मंडल मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवले होते आणि त्याने नदीवर मोफत तर चालवली. इ. स. १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव शिलाहार आपल्या महाप्रधानाला आणि त्याच्या भावाला ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ करतो, आणि हे दोघेही श्रेष्ठी, म्हणजे व्यापारी पेढीचे धनी, आहेत. येथे राजा आपल्या प्रधानाला जमीन देत नाही, जकात सोडतो. जॉन डेयेल यांनी १९९० मध्ये नाण्यांच्या कथित दुष्काळाविरुद्ध जे मांडले त्याला ताम्रपटांतील द्रम्मांचे उल्लेख आणि छित्तराजाच्या नावाची गधैया नाणी दुजोरा देतात. सहाव्या ते आठव्या शतकांत, म्हणजे शिलाहारांच्या आधी, या बंदरांची स्थिती काय होती हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, आणि शर्मांच्या बाजूने तेवढी जागा मोकळी ठेवली पाहिजे.

शिलाहारांच्या दानाज्ञा राजपुत्र, मंत्री, पुरोहित, अधिकारी यांच्याबरोबर नगरातील पौरांना आणि ‘हंजमन’ किंवा ‘हंयमन’ नावाच्या समूहालाही उद्देशून आहेत. हे संजाण गावाचेच नाव आहे, की पारशी वा अरब व्यापाऱ्यांच्या अंजुमनचे, याविषयी एकमत नाही. रणबीर चक्रवर्ती यांनी व्यापारी समूहाचा अर्थ पुढे नेला आहे, आणि चामुंडराजाच्या ताम्रपटात या संदर्भात येणारी अल्लिया, मधुमत अशी नावे त्याला बळ देतात. अर्थ कोणताही घेतला, तरी राजाज्ञेची साक्षीदार म्हणून एक शहरी मंडळी उभी आहे, ही गोष्ट सरंजामशाही आणि खंडात्मक राज्य या दोन्ही साच्यांत बसत नाही.

राजधर्माचे ग्रंथ

सत्तेच्या व्यवहारामागे कोणता विचार होता, हा वादाचा दुसरा पदर. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रा. प. कंगले यांच्या मुंबई विद्यापीठाने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीने त्याचा पाया पक्का केला. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही राज्याची सात अंगे, आणि मित्र–शत्रूंच्या वर्तुळांची मंडलकल्पना, हे दोन्ही विचार मध्ययुगातही पाठ होते. मांडलिकांचे जग मंडलकल्पनेतूनच अर्थ मिळवते.

शिलाहारांचे वैशिष्ट्य असे की त्यांच्यापैकी एका अपरादित्य राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही विस्तृत टीका आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी तिचा काळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला, म्हणजे ती पहिल्या अपरादित्याची ठरते. दुसऱ्या अपरादित्याकडे बोट दाखवणारेही आहेत. पहिल्या अपरादित्याने आपला दूत तेजकंठ याला काश्मीरला पाठवल्याचे मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’वरून कळते, आणि काश्मीरच्या पंडितांत ही टीका प्रमाण मानली गेली. याज्ञवल्क्याने भूमिदान कापडावर वा ताम्रपटावर, वंश, मोजमाप आणि मुद्रा यांसह लिहून द्यावे असे सांगितले आहे. तसेच श्रेणी, व्यापारी आणि गण यांचे आपापले नियम राजाने राखावेत, असेही. ज्या घराण्याने असे ताम्रपट दिले आणि चौल–संजाणच्या व्यापारी समूहांना त्यांचे नियम पाळू दिले, त्याच घराण्यातील राजा या श्लोकांवर भाष्य करतो. ग्रंथ आणि कारभार इतके जवळ आल्याची उदाहरणे भारतात थोडी आहेत, आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

राजा धर्माच्या वर की खाली, यावर काण्यांसह बहुतेकांचे उत्तर ‘खाली’ असेच आहे. युरोपातही मध्ययुगीन विचार राजाला कायद्याखाली मानत होता, पण १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी राजाकडून लेखी सनद घेतली तसा बंध कोकणात दिसत नाही. येथील बंध शापाचा होता.

अनिर्णित बाबी

शिलाहारकालीन गद्धेगळ हे या बंधाचे दगडी रूप. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प, अशी ही शिळा दान मोडणाऱ्याला अत्यंत हीन शिवी देते, आणि तिच्यावरचा शाप काही ठिकाणी मराठीत आहे. राजाची दंडशक्ती दुबळी म्हणून शापाचा आधार घ्यावा लागला, की संस्कृत न कळणाऱ्या रयतेपर्यंत राजाज्ञा पोहोचवण्याचा हा प्रभावी उपाय होता, यावर अजून निर्णायक अभ्यास झालेला नाही. पहिला अर्थ सरंजामशाहीच्या मांडणीला अनुकूल आहे, दुसरा चट्टोपाध्याय आणि कुल्के यांच्या. शिळा कोठे उभ्या होत्या, गावाच्या शिवेवर की बंदराच्या वाटेवर, हे जेथे जेथे निश्चित करता येईल तेथे या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता आहे. दुर्दैवाने त्यांतील बऱ्याच शिळा मूळ जागेवरून हलल्या आहेत.

राजधानी पुरीचे स्थानही ठरलेले नाही. घारापुरी, राजापुरी, ठाणे अशी निरनिराळी मते आहेत, आणि राजधानी कोठे होती हे कळल्याशिवाय ‘चौदाशे गावांचे कोकण’ कोठून आणि किती घट्ट चालवले जात होते, हे सांगता येत नाही. सर्वांत मोठी उणीव शेतकऱ्याविषयीच्या माहितीची आहे. मुखिया आणि शर्मा यांच्यातील वाद शेवटी ज्यावर अडतो, तो नांगर धरणारा माणूस स्वतंत्र होता की बांधलेला, याचे उत्तर कोकणच्या ताम्रपटांत नाही. नौरच्या शेताच्या सीमा त्यांत नोंदल्या आहेत, घेणारा आणि देणारा नोंदला आहे. ते शेत कसणाऱ्याचे नाव त्यांत आलेले नाही.